दियोलाइतींचा संसार मी जोडला

लोक आपली हुशारी सांगतात, मी माझी फजिती सांगतो. ऐकायला माणसं माझ्याकडे जास्त बसतात. बसा, चहा येतोच आहे. आज सांगतो ती हकीकत अशी आहे की माझी मुलगी अजून जेवताना मध्येच घास थांबवून हसते, आणि कशाला हसतेस म्हणून विचारायची माझी हिंमत होत नाही.

माझं दुकान दुबईत, करामा भागात आहे. हॉटेलांच्या किचनला लागतं ते सगळं विकतो. पातेली, कढया, ट्रे, झारे, प्लेटा, केकचे साचे. शाळा मी आठवीत सोडली, त्यामुळे मार्केटिंग वगैरे काही शिकलेलो नाही. जे शिकलो ते रत्नागिरीकडच्या आमच्या गावात, वडलांच्या शेजारी बाजारात बसून.

आमच्याकडे दोन अनोळखी माणसं भेटली की काय करतात? नाव विचारतात. मग आडनाव. मग गाव, मग मोहल्ला. पाचव्या मिनिटाला कोणाची तरी खाला, म्हणजे मावशी, कोणाच्या तरी चुलत्याला दिलेली निघते. निघतेच. निघाल्याशिवाय दोघांपैकी कोणी उठतच नाही.

दुबईत येऊन मी तेच चालू ठेवलं. मलबारी हॉटेलवाला आला, त्याचं गाव विचारलं. पेशावरचा आला, त्याच्या आजोबांचं विचारलं. सीरियाचा एक बेकरीवाला आहे, त्याच्या आणि माझ्या घराण्यात काय संबंध असणार? पण त्याची आजी समुद्राकाठची, माझी आजी समुद्राकाठची, तेवढ्यावर आम्ही बारा वर्षं भाऊ आहोत. आधी चहा, मग गाव, मग नातं, मग माल. नातं निघालं की माणूस दुसऱ्या दुकानात जात नाही. ही माझी पद्धत, आणि ती कधी फसली नव्हती.

मग आला सिल्वानो दियोलाइती.

मागच्या वर्षीची गोष्ट. पन्नाशीचा, उंच, पांढऱ्या भुवयांचा इटालियन शेफ. मरीना भागात नवीन रेस्टॉरंट निघणार होतं, आणि त्याचं सगळं किचन हा माणूस एकहाती उभं करणार होता. चमच्यापासून पातेल्यापर्यंत सगळी खरेदी त्याच्या हातात.

तेव्हा माझी परिस्थिती काय होती, तेही सांगून टाकतो. हल्ली लोक बोटानं फोनवर पातेलं मागवतात. दुकानात येऊन पातेल्याच्या बुडावर टिचकी मारणारं गिऱ्हाईक राहिलं नाही. माझ्या दुकानाला दोन शटर आहेत. दुसरं शटर सोडून द्यावं असा विचार चालला होता, आणि ते सोडलं असतं तर अठरा वर्षं माझ्याकडे काम करणाऱ्या दोघांपैकी एकाला घरी जायचं तिकीट काढून द्यावं लागलं असतं. कोणाला, हे मला ठरवता येत नव्हतं. ही ऑर्डर मिळाली तर ठरवायची पाळीच येणार नव्हती. खाडीपलीकडे देरा भागात एक मोठी कंपनी होती, चकचकीत कॅटलॉगवाली. तिनं आधीच कोटेशन दिलेलं. तेव्हा मला हा माणूस नात्यात हवा होता.

त्याचं कार्ड वाचलं. मी आयुष्यात रोस्सी पाहिले, रुस्सो पाहिले, फेरारी तर शेख झायेद रोडवर रोज बघतो. दियोलाइती कधी ऐकलं नव्हतं. चहा मागवला आणि सुरुवात केली, "शेफ, तुमचं गाव कुठलं?"

बोलोन्याच्या बाजूचा, म्हणाला.

ते शहर झालं, मी म्हटलं. गाव कुठलं? वडलांचं? आजोबांचं?

त्यानं एक पातेलं उचललं, बुडावर टिचकी मारली आणि शांतपणे म्हणाला, "आजोबांना गाव नव्हतं." आणि लगेच विचारलं, बुडाची जाडी किती मिलिमीटर?

आता तुम्हीच सांगा, गाव नसलेला माणूस असतो का? मी तीस वर्षांत पाहिला नव्हता. मग घरचं विचारलं. घरी कोण कोण असतं? तर म्हणाला, कोणी नाही. एकटाच आहे. म्हणताना तोंड असं केलं की पुढचा प्रश्न माझ्याच तोंडात विरघळला. चहासुद्धा अर्धा ठेवून गेला.

रात्री जेवताना मी हे घरी सांगितलं. माझी बायको शहनाज म्हणाली, बिचारा. माझी मुलगी झोया एका ऑफिसात नोकरी करते, मी मराठीत विचारतो आणि ती इंग्रजीत उत्तर देते. ती म्हणाली, "अब्बा, मेबी ही जस्ट वॉन्टेड अ पॉट." पण फोन काढून तिनं एक वेबसाइट उघडली. इटलीतलं कुठलंही आडनाव टाका, ते कुठे कुठे आहे ते नकाशावर दाखवते. मी म्हटलं, आधी रोस्सी टाक. टाकलं, तर अख्ख्या इटलीला गोवर उठल्यासारखे लाल ठिपके. मग दियोलाइती टाकलं. बोलोन्याच्या आसपास ठिपक्यांचा एक पुंजका, जरा वर दोन-चार, खाली एखाददुसरा. बाकी देश कोरा.

"व्हेरी रेअर," झोया म्हणाली.

माझ्या डोक्यात काय आलं असेल, ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. एका जागी एवढे ठिपके म्हणजे एकच गाव. एक गाव, एक आडनाव, सगळे भाऊबंद. शेफ खोटं बोलत होता. गाव होतं. गावाशी भांडण होतं.

झोया पुढे वाचत होती. नावाचा उगम असा आहे, देव याला हात देवो अशा अर्थाचं हे जुनं नाव आहे, आणि खाली अजून लिहिलंय की... तिला मी तिथेच थांबवलं. कारण मला एकदम आठवलं, हे नाव मी आधी पाहिलंय. माझ्याच डिलिव्हरीच्या कागदावर.

त्या खाली अजून लिहिलेल्या चार ओळी मी तेव्हा वाचू दिल्या असत्या, तर आज तुम्हाला नुसताच चहा मिळाला असता.

दुसऱ्या दिवशी दुकानात कागद काढले. ऑर्नेला दियोलाइती, डिस्कव्हरी गार्डन्स. आमचं जुनं गिऱ्हाईक. घरी केक-पेस्ट्रीचे क्लास घेते, वर्षातून तीन-चारदा साचे मागवते. फोनवरच बोलणं होतं, डिलिव्हरी माझी माणसं करतात; घरात बाई एकटीच असते, म्हणतात.

आता हिशेब करा. अख्ख्या इटलीत या नावाची मोजकी घरं. आणि दुबईत दोन माणसं. एक बुवा, एक बाई. दोघं एकटी, दोघं खाण्याच्याच धंद्यातली. तुम्ही काय समजला असता? भाऊ-बहीण म्हणाल. पण सख्खी बहीण अर्ध्या तासावर राहत असताना माणूस घरी कोणी नाही म्हणेल? तसं म्हणतो तो फक्त नवरा. रुसलेला नवरा.

पण मी व्यापारी माणूस, माल तपासल्याशिवाय घेत नाही. ऑर्नेलाबाईंना फोन लावला. नवीन साचे आलेत, म्हटलं. पाठवतो. आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, डिलिव्हरी घ्यायला सर असतील ना घरी?

बाई म्हणाल्या, "देअर वॉज अ सर. नाऊ खलास."

बघा. खलास. इथे खलास म्हणजे संपलं. संसार संपला.

चार दिवसांनी शेफ परत आला. कॅटलॉगवाल्यांचं कोटेशन त्याच्या हातात होतं, माझ्याशी ताडून बघत होता. मी प्लेटा पुसत पुसत म्हटलं, शेफ, तुम्ही कधी डिस्कव्हरी गार्डन्सला राहिला होता का? त्यानं दोन्ही हात वर केले. राहिलो होतो, म्हणाला, सहा महिने. त्या जागेचं नाव काढू नका. तिथे मी फार त्रास सोसलाय. पुन्हा पाऊल ठेवणार नाही.

आता सांगा, अजून काय पुरावा पाहिजे? तो त्रास गाडी लावायला जागा न मिळण्याचा होता, आणि सगळ्या बिल्डिंगा सारख्या दिसतात म्हणून एकदा तो दुसऱ्याच कोणाच्या दाराला तासभर किल्ली लावत बसला होता, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला त्याच्या डोळ्यांत फक्त मोडलेला संसार दिसला.

आणि खरं सांगतो, तेव्हा मला ऑर्डरचाही विसर पडला. म्हणजे, पूर्ण नाही पडला. पण मनात आलं, या परक्या मुलखात दोघं एकाच शहरात राहून एकमेकांचं तोंड बघत नाहीत. आपल्या हातून हे जुळलं तर सवाब, म्हणजे पुण्य मिळेल. आणि ज्यानं घर जोडून दिलं त्याला सोडून शेफ कॅटलॉगवाल्याकडे पातेली घ्यायला जाईल का? एका दगडात... असो. मी साधा माणूस आहे, मला दोन्ही पाहिजे होतं.

झोयाला सांगितलं तर ती म्हणाली, "अब्बा, जस्ट आस्क हिम."

मी म्हटलं, असं तोंडावर विचारतात? तुमची बायको तुम्हाला सोडून गेली का हो?

"येस. दॅट्स हाऊ पीपल फाइंड आउट थिंग्ज."

ही मुलं इथे वाढली, त्यांना रीतभात कुठून माहीत असणार? आमच्याकडे नवरा-बायकोचं बिनसलं तर दोघांना काही विचारत नाहीत. मोठ्या माणसाला बोलावतात, जेवण करतात, दोघांना समोर बसवतात. आमच्यात ते मोठं माणूस म्हणजे हाजी दाऊदसाहेब. सत्तरी ओलांडलेले, शारजाला राहतात. कोकणातल्या निदान दहा घरांची भांडणं त्यांनी मिटवलीत. त्यांनी नुसतं बघितलं तरी नवरा उठून बायकोची बॅग उचलतो. मी फोन केला तर म्हणाले, रविवारी येतो, ट्रॅफिकमध्ये दोन तास गेले तरी हरकत नाही. एवढंच विचारलं, "इक्बाल, मी कशाला येतोय ते त्या दोघांना माहीत आहे ना?"

मी म्हटलं, हाजीसाहेब, सरप्राइज आहे.

ते जरा वेळ गप्प बसले. मी त्याचा अर्थ होकार असा घेतला.

शहनाजनं शनिवारपासूनच तयारी सुरू केली. मटण, कोळंबीचा पुलाव, तांदळाच्या भाकऱ्या, आणि आमची सांदणं, तांदळाची वाफवलेली, नारळाच्या दुधात बुडवून खायची. शेफला सांगितलं, आमचं घरचं जेवण चाखायला या. ऑर्नेलाबाईंना सांगितलं, माझ्या बायकोला तुमच्याकडून केक शिकायचाय, भेटायला या. दोघंही हो म्हणाले. एकटी माणसं, रविवारी दुसरं काय असतं?

हाजीसाहेब लवकर निघून सर्वांच्या आधी पोचले. मग शेफ आला, हातात फुलं. त्याला सोफ्यावर बसवलं. दहा मिनिटांनी बेल वाजली. ऑर्नेलाबाई दारात. बुटकी, गोल, हसऱ्या चेहऱ्याची बाई, हातात स्वतः केलेला केक. मी बाजूला झालो आणि शेफकडे हात करून म्हटलं, बघा, कोण आलंय.

शेफ उठला. हात पुढे केला, नाव सांगितलं, "दियोलाइती." बाईंनी हातात हात दिला आणि त्याच म्हणाल्या, "दियोलाइती."

दोघं जागच्या जागी उभे. हात तसाच हातात. शहनाजनं ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं. मी हाजीसाहेबांकडे बघितलं, त्यांनी मला डोळ्यानंच सांगितलं, गप्प बस, होऊ दे.

आणि मग दोघं एकदम बोलायला लागले. इटालियनमध्ये. मोठ्यानं, हातवारे करून. तो बोट नाचवतो, ती मान हलवते. ती टेबलावर हात आपटते, तो कपाळाला हात लावतो. एवढं जोरात की शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

"चांगलं आहे," हाजीसाहेब माझ्या कानात म्हणाले, "सगळं बाहेर येऊ दे."

झोयाचा फोन टेबलावर होता, त्यात तिनं भाषांतराचं काहीतरी चालू केलं होतं. ती माझ्याकडे वाकून म्हणाली, "अब्बा, दे आर टॉकिंग अबाउट सूप."

मी म्हटलं, मग? भांडणं कशावरून सुरू होतात? आपल्या घरी कशावरून होतात? मीठ जास्त पडलं म्हणूनच ना?

"अब्बा, सीरियसली. शी सेज यू नेव्हर पुट क्रीम. ही ॲग्रीज."

मी तिला किचनमध्ये पाणी आणायला पाठवून दिलं.

जेवायला बसलो. हाजीसाहेबांनी त्यांचा नेहमीचा उपाय केला, दोघांच्या मध्ये एकच मोठा थाळा ठेवायला सांगितला. रुसलेल्या जोडप्याला वेगळं ताट द्यायचं नाही. एका थाळ्यात हात गेले की राग निम्मा उतरतो, असं ते म्हणतात. दोघा इटालियन लोकांना वाटलं, आमची जेवायची पद्धत आहे. दोघं आनंदानं जेवायला लागले. बाईंनी सांदण उचलून वास घेतला, बोटानं दाबून बघितलं, शेफला दाखवलं. दोघांचं पुन्हा हळू आवाजात काहीतरी सुरू. एकदा तर शेफ हसला. तो माणूस हसतो, हे मला माहीतच नव्हतं.

मला वाटलं, हीच वेळ. लोखंड गरम आहे. हाजीसाहेबांनी मला हातानं दाबलं होतं, जरा थांब म्हणून. पण मी कुठला थांबतोय? उठलो. माझ्या इंग्रजीत, जिच्यावर मी तीस वर्षं माल विकलाय, भाषण केलं.

मी म्हटलं, शेफ, तुम्ही मला भावासारखे. म्हणजे या माझ्या भाभी. संसारात भांडी वाजतात, मी भांड्यांचाच व्यापारी आहे, मला माहीत आहे. जे झालं ते डिस्कव्हरी गार्डन्समध्ये झालं, तिथेच राहू द्या. दुबईत एवढी माणसं आहेत आणि तुमच्या नावाची दोनच. वेगळं राहू नका. आज माझ्या घरातून तुमच्या बायकोला तुमच्या घरी घेऊन जा.

आणि मी त्यांच्या थाळ्यात आणखी एक सांदण वाढलं.

शेफनं हातातला घास हळूच थाळ्यात ठेवला. "माय व्हॉट?" म्हणाला.

"वाइफ," मी म्हटलं. अजून हसतच होतो मी.

तो उठला. रुमालानं हात पुसले, सावकाश, एकेक बोट. तोंड दगडासारखं. मला दुसरं शटर खाली येताना दिसलं. दोघांपैकी कोणाला तिकीट काढून देतोय, तेही दिसलं. तो म्हणाला की आपण या बाईंना आत्ता, या घरात, पहिल्यांदा पाहिलं. आणि आपल्या खासगी गोष्टींची माझ्या दुकानात चौकशी होते हे आपल्याला आधीपासूनच आवडत नव्हतं.

मी घाईघाईनं नकाशाचं सांगितलं. ठिपके, मोजकी घरं, एकच आडनाव. एवढं दुर्मीळ नाव दोघांचं, मग काय समजायचं माणसानं?

तेव्हा ऑर्नेलाबाई हसायला लागल्या. आधी हळू, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. म्हणाल्या, मिस्टर परकार, आमच्याकडे बाई लग्न झालं तरी नवऱ्याचं आडनाव लावत नाही. जन्मभर बापाचंच असतं. माझा नवरा होता, त्याचं नाव वेगळं होतं, ते लग्न खलास झालं, माझं नाव माझ्याकडेच राहिलं. मी या माणसाची बायको असते तर माझं आडनाव दुसरं काहीही असतं, फक्त दियोलाइती नसतं.

आलं का लक्षात? नवरा-बायको नसल्याचा जो पक्का पुरावा, तोच घेऊन मी शारजाहून हाजीसाहेबांना आणलं होतं.

मी अगदी बारीक आवाजात विचारलं, मग तुम्ही एका गावचे, भाऊबंद तरी?

बाईंचं हसू थांबलं. त्यांनी शेफकडे बघितलं, जणू परवानगी मागितली. मग म्हणाल्या, तेही नाही. आमच्या घरात सांगतात ते असं. जुन्या काळी ज्यांना बाळ वाढवणं शक्य नसायचं, ते त्याला धर्मादाय इस्पितळाच्या दारात ठेवून जायचे. आईबाप कोण, माहीत नाही. आतल्या बायका त्याला उचलायच्या. वहीत काहीतरी आडनाव लिहावं लागायचं. मग लिहायच्या, देव याला हात देवो. दियोलाइती. एक बाळ या दारातलं, दुसरं त्या दारातलं. नाव एक, रक्त वेगळं. कुणाकुणाचं नाव दुसऱ्या रीतीनंही आलं असेल, पण माझ्या पणजोबांचं असं आलं.

शेफ अजून उभाच होता. मग खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "माझे आजोबा."

म्हणून गाव नव्हतं. कळलं तुम्हाला? माणसानं मला खरं उत्तर दिलं होतं, आणि मी त्याच्यावर भाऊबंदकीचा आरोप ठेवला होता. तो म्हणाला, लहानपणी शाळेत कोणीही विचारलं की तू कुठल्या दियोलाइतींपैकी, तर माझ्याकडे उत्तर नसायचं. म्हणून तो प्रश्न मला आवडत नाही. आणि तुम्ही चहाबरोबर पहिला तोच विचारता.

मी खाली बघत होतो. असं वाटलं, टेबलाखाली जागा असती तर बरं झालं असतं.

हाजीसाहेबांना इंग्रजी बेताचंच येतं, झोया त्यांच्या कानात सगळं मराठीत सांगत होती. हो, मराठीत. मी पहिल्यांदाच ऐकलं. सगळं ऐकून ते शेफला म्हणाले आणि झोयानं ते इंग्रजीत सांगितलं, "बेटा, लोकांच्या नावापुढे गाव असतं. तुमच्या नावात दुआ आहे. तुम्हाला गाव विचारणारा हा मूर्ख आहे, त्याला माफ करा आणि जेवण गार होतंय."

मूर्ख हा शब्द झोयानं भाषांतर करताना जरा जास्तच जोरात म्हटला.

शेफनं माझ्याकडे बघितलं. मग बाईंकडे. मग म्हणाला की तीस वर्षं मी किचनमध्ये काम करतोय, पण लग्न न करता बायको परत मिळवून देणारा सप्लायर मला पहिल्यांदा भेटला. आणि हसला. बाई हसल्या. शहनाज हसली. मग त्या एकाच थाळ्यात दोघं परत जेवायला बसले आणि सांदण कसं फुगतं यावर शहनाजला प्रश्न विचारून विचारून तिला किचनमध्येच घेऊन गेले. हाजीसाहेब आणि मी बाहेर केक खात बसलो. ते म्हणाले, इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा असं घर जोडलं की ज्यात मोडलेलं काही नव्हतं.

ते दोघं पुढे नवरा-बायको झाले का, असं सगळे विचारतात. नाही झाले. त्याहून वाईट झालं, म्हणजे माझ्यासाठी. मिठाया आणि केक कोण करणार हा शेफचा प्रश्न सुटला, त्यानं ऑर्नेलाबाईंना रेस्टॉरंटमध्ये घेतलं. बाई दर रविवारी आमच्याकडे यायला लागल्या, सांदणं शिकायला. शहनाजला त्या बहीण म्हणतात, शहनाज त्यांना काय म्हणते ते मला न विचारलेलं बरं, कारण हसून झाल्यावर ती अजून 'भाभी'च म्हणते.

आणि दोन आठवड्यांनी शेफ ऑर्डर द्यायला आला. होय, मला. कॅटलॉगवाल्याचे कागद त्यानं आणलेच नाहीत. दोन्ही शटर राहिली, दोन्ही माणसं राहिली, एवढं तर अल्लाहनं केलं. फक्त भाव ठरवायला त्यानं बाईंना बरोबर आणलं, आणि बाईंनी शहनाजला बरोबर आणलं. कधी नव्हे ती माझी बायको माझ्या दुकानात गिऱ्हाईकाच्या बाजूला बसली होती.

मी मोठ्या पातेल्याचा भाव सांगितला. चारशे दिरहम, म्हणजे साधारण नऊ-साडेनऊ हजार रुपये, आणि तुमच्यासाठी म्हणून तीनशे ऐंशी. बाईंनी माझ्याकडे बघितलंच नाही. शहनाजकडे वळून सरळ विचारलं, याला हे कितीला पडतं?

तीस वर्षं. तीस वर्षांत माझा खरेदीचा भाव मी कोणाला कळू दिलेला नाही. माझ्या सख्ख्या भावाला माहीत नाही. मी शहनाजला डोळ्यानं खुणावलं, खोकलो, चहाचा कप मुद्दाम सांडला.

तिनं सांगितला. अगदी दिरहम-फिल्ससकट, म्हणजे शेवटच्या पैशापर्यंत.

बाई आणि शेफ गेल्यावर मी म्हटलं, अगं, हे काय केलंस?

तर मलाच म्हणते, "अहो, तुम्हीच नाही का त्यांना घरचं केलं? घरच्यांपासून काय लपवायचं?"